तक्तपोशीच्या फटी बुजवणाऱ्या बाई

बाई लाकडी घोडीवर चढायच्या, बोटांच्या चिमटीत कापसाचा एक तंतू धरायच्या, तो तक्तपोशीच्या फटीखाली न्यायच्या आणि स्वतःचा श्वास रोखायच्या. तंतू थरथरला की मान न वळवता म्हणायच्या, "भाऊ, इथं." खाली उभा असलेला मी काठीला बांधलेल्या कोळशाने त्या जागी फुली मारायचो. आठ दिवसांत आमच्या सूतिकागृहाचं छत फुल्यांनी भरून गेलं होतं, आणि खाटेवर उताण्या पडलेल्या बाळंतिणींना त्या मोजण्याचा एक नवा उद्योग मिळाला होता.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. धुळ्यातल्या एका कापूस व्यापाऱ्याने आपल्या आईच्या स्मरणार्थ आठ खाटांचं सूतिकागृह काढलं होतं. आम्ही त्यांना शेठजी म्हणायचो. जागा म्हणजे त्यांचंच जुनं गोदाम. वर पत्रे, पत्र्यांखाली पूर्वी सरकीची पोती ठेवायचा माळा, आणि त्या माळ्याच्या फळ्या म्हणजेच आमच्या खोलीची तक्तपोशी. दिवसातून दोनदा येणारे डॉक्टर, कंपाउंडर म्हणून मी, एक शिपाई आणि या नर्सबाई, एवढाच आमचा पसारा. शहरातले लोक त्यांना बाई म्हणत, खेड्यातून आलेल्या बायका अक्का म्हणत. त्यांचं नाव पगाराच्या कागदावर होतं, पण ते कोणी उच्चारलेलं मी ऐकलं नाही.

चाळिशी उलटलेली, अंगाने हडकुळी, चष्मा सतत नाकावर घसरलेला. माहेर जळगावच्या पूर्वेला, केळीच्या बागांच्या मुलखात. नवरा लवकर गेला, तेव्हा थोरल्या भावाने चारचौघांचं बोलणं ऐकून घेऊन त्यांना नर्सच्या शिक्षणाला पाठवलं. बोलताना त्या हात हलवत नसत. हात कामासाठी असतात अशी त्यांची समजूत असावी.

"आधी भोक शोधा," हे त्यांचं पालुपद. एखादं बाळ रडून रडून लाल झालं आणि घरातल्या बायका दृष्ट काढायला मीठमोहऱ्या घेऊन बसल्या, की बाई म्हणायच्या, "काढा हो दृष्ट, पण आधी भोक शोधा." आणि बाळाच्या दुपट्यात अडकलेली गवताची काडी काढून दाखवायच्या. माझ्या औषधांच्या खोलीतली काढ्याची बरणी रोज रिकामी व्हायची आणि मी शिपायावर संशय घेत होतो, तेव्हाही त्यांनी बरणी उचलून उजेडात धरली. तळाला केसाएवढी चीर होती. शिपायाची माफी मला त्यांच्यासमोरच मागावी लागली.

एकदा शेठजी खोलीत उभे राहून बराच वेळ सूतिकागृहाच्या कीर्तीबद्दल बोलत होते. बाई घोडीवर होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "शेठजी, जरा थांबता का? तुम्ही बोलताय ना, त्याने तंतू हलतोय." शेठजी थांबले. खोलीत कोणी हसलं नाही, पण सगळ्या बाळंतिणींनी पदर तोंडाला लावले होते.

हे सगळं सुरू झालं ते मात्र हसण्यासारखं नव्हतं. आदल्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, चार दिवसांची एक मुलगी तापाने फणफणली आणि दुपारी गेली. डॉक्टरांनी कागदावर 'अशक्तपणा' लिहिलं. संध्याकाळी बाई माझ्या औषधांच्या खोलीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, आईला ताप नव्हता. शेजारच्या बाळांचीही अंगं तापली होती. रात्री आठच्या आठ बाळं बरी असतात आणि दुपारी तापतात. हा आजार नाही, हा पत्रा आहे."

तुमच्यापैकी ज्यांनी धुळ्याचा मे महिना काढला आहे त्यांना पत्र्याखालचा माळा म्हणजे काय ते सांगायला नको. बाई म्हणायच्या, "आमचं धाब्याचं घर होतं. वर हातभर माती. ऊन दारापाशी येऊन थांबायचं." इथल्या फळ्या मातीचं वजन पेलण्यासारख्या नव्हत्या. आम्ही दारांना वाळ्याचे पडदे लावले होते, जमिनीवर पाणी मारत होतो, तरी दुपारी वरून भट्टीचा वारा उतरायचा. माळ्यावर कोंडलेली ती हवा फळ्यांच्या फटींतून खाली येते, हे बाईंनी त्या तंतूने शोधून काढलं. त्यांचा उपायही साधा होता. माळ्याच्या दोन टोकांचे झरोके उघडे ठेवायचे, म्हणजे वरची गरमी वरच्यावर निघून जाईल. फळ्यांच्या फटी मात्र एकूण एक बुजवायच्या. खिडक्या रात्री सताड उघड्या, आणि ऊन चढलं की फक्त वाळ्याच्या पडद्यांतून येईल तेवढी हवा.

शेठजी म्हणाले, "करा, पण खर्च नको." बाईंनी सरकी काढायच्या जिनात सांडलेला कापूस गोळा करून आणला, जुन्या धोतरांच्या पट्ट्या फाडल्या. चिंचोक्याची खळ मी शिजवली. खळीला उंदीर आणि कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालायची कल्पना माझी. बुकबाइंडर घालतात तसं. बाई म्हणाल्या, "बाळांना त्रास नाही ना?" मी म्हणालो, "वर फळ्यांत राहणार, बाळांचा काय संबंध?"

चैत्रात काम सुरू झालं. बाई सकाळी लवकर माळ्यावर जायच्या. मी एकदाच वर गेलो होतो. दहा मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि उतरलो. त्या वर रांगत, खळीत भिजवलेला कापूस फटीत दाबत, त्यावर पट्टी चिकटवत पुढे सरकत असायच्या. खाली उतरल्या की अर्धा तांब्या पाणी एका दमात प्यायच्या आणि हात धुऊन बाळंतिणींच्या कामाला लागायच्या.

माझ्याकडे भिंतीवर लावायचं एक थर्मामीटर होतं. बाईंच्या सांगण्यावरून मी रोज तीन वाजता खोलीतला पारा बघून एका कागदावर लिहीत होतो. जसजशा फटी बुजत गेल्या तसतसा पारा दर दुपारी थोडा थोडा खाली राहायला लागला. बाहेर ऊन वाढत होतं आणि आत पारा चढत नव्हता. शेवटच्या आठवड्यात मी तो कागद त्यांना दाखवला, तेव्हा त्या खाटेच्या कडेवर टेकल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि कागद दुसऱ्यांदा वाचला.

"जपून ठेवा," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर दहाएक दिवसांनी शहराजवळच्या एका खेड्यातून सातव्या महिन्यातच कळा सुरू झालेली एक तरुणी बैलगाडीतून आली. मुलगा झाला. तळहातावर मावेल एवढा. डॉक्टरांनी बाहेर येऊन त्याच्या आजोबांना सांगितलं की आशा कमी आहे. बाईंनी त्याला कापसात गुंडाळलं, आणि दोन दिवस त्या घरी गेल्या नाहीत. आईचं दूध थेंब थेंब चमच्याने पाजत राहिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी तो निळा पडला आणि गेला.

आजोबा साठीचे, रुमाल बांधलेले शेतकरी. त्यांना आबा म्हणत. पाच नातींनंतर घरात आलेला तो पहिला नातू. ते ओरडले नाहीत. खोलीच्या मधोमध उभे राहून वर बघत राहिले. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की नर्सने छत बंद केलं आहे. मग ते हळू आवाजात म्हणाले, "त्या बाईनी बठ्ठी हवा बंद करी टाकी. मन्हा नातू गुदमरी गया."

सगळी हवा बंद केली, नातू गुदमरला, असं ते म्हणत होते, आणि त्यांच्या शब्दांत खोटेपणा नव्हता. तुम्ही त्यांच्या जागी असता तर तुम्हीही वरच पाहिलं असतं.

दोन दिवसांत गोष्ट बाजारात पोहोचली. तिला मोरचुदाचं शेपूटही चिकटलं. पट्ट्यांवर निळसर डाग होते, ते कोणीतरी पाहिले होते. शेठजींनी आम्हा सगळ्यांना त्यांच्या पेढीवर बोलावलं. गादीवर ते, बाजूला आबा आणि गावचे दोघे, समोर डॉक्टर, बाई आणि दाराशी मी.

डॉक्टर म्हणाले, "अशी मुलं जगणं फार कठीण असतं." पण ते इतक्या हलक्या आवाजात म्हणाले की आबांपर्यंत ते पोहोचलं की नाही कोण जाणे.

बाई म्हणाल्या, "हवा बंद केली नाही, गरम हवा बंद केली. खिडक्या आहेत, झरोके आहेत. येऊन बघा."

शेठजींनी विचारलं, "त्या खळीत काय होतं? लोक विष म्हणतात."

माझ्या कोटाच्या खिशात तो पाऱ्याचा कागद होता. घरून निघताना मी तो मुद्दाम घेतला होता. मोरचूद कोणी घातलं, किती घातलं, त्याने काय होतं आणि काय होत नाही, हे त्या खोलीत फक्त मला सांगता आलं असतं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. घरी आई, बायको, बायकोला चौथा महिना. मला पोलीस दिसले, गेलेली नोकरी दिसली. माझा हात खिशावर गेला आणि तिथंच राहिला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाल्या, "खळ माझी आहे. त्यात काय घातलं ते मी घातलं. कीड लागू नये म्हणून घालतात. विष म्हणण्यासारखं त्यात काही नाही."

मी खिशावरचा हात काढून घेतला. तो क्षण मी आजवर कोणाला सांगितला नव्हता. तुम्हाला सांगतो आहे.

शेठजी वाईट माणूस नव्हते. दारावर त्यांच्या आईचं नाव होतं, त्यांना ते जपायचं होतं. त्यांनी बाईंना दुसरीकडे काम बघायला सांगितलं, आणि शिपायाला पट्ट्या काढायला सांगितल्या. शिपाई वरून कोयत्याने फटी उकरत होता आणि वाळलेल्या कापसाचे गोळे खाली खाटांवर पडत होते. बाई त्या वेळी खोलीतच होत्या. त्यांनी ज्या ज्या बाळाच्या अंगावर कचरा पडला ते उचललं, झटकलं, आईच्या कुशीत दिलं. मग पिशवी घेऊन गेल्या. माझ्या औषधांच्या खोलीच्या दारावरून जाताना म्हणाल्या, "येते हं, भाऊ." नेहमी घरी जाताना म्हणायच्या तशाच.

त्या मे महिन्यात दोन बाळांना तापाने झटके आले. दोन्ही जगली. त्यातलं एक पुढे नीट चालायला लागलं की नाही, ते मी विचारायला गेलो नाही.

माझी मुलगी दिवाळीनंतर झाली. त्याच खोलीत, पण थंडीत. तिला मांडीवर घेतलं की माझी नजर तक्तपोशीकडे जायची. दुसऱ्या वर्षी चैत्र लागला तसा मी एका सकाळी शेठजींच्या पेढीवर गेलो आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मोरचूद मी घातलं होतं. कागद माझ्या खिशात होता. तो त्यांच्यापुढे ठेवला. शेठजींनी तो वाचला, घडी केली, पुन्हा उघडून वाचला.

"तेव्हा का नाही बोललात?"

"भ्यालो."

त्यांनी कागद गादीखाली सरकवला. मग म्हणाले, "फटी बुजवून घ्या. आणि त्या बाई कुठे असतील तिथं जा. मी बोलावलंय म्हणून सांगा."

या वेळी माळ्यावर मी रांगलो. गुडघे सोलले, डोक्यात पत्र्याचा खिळा लागला, आणि जे काम बाईंनी पंधरा दिवसांत केलं होतं त्याला मला महिना लागला. आबांना हे कळलं तर काय वाटेल, असंही मनात येत होतं. त्यांच्या गावी जाण्याचं धाडस मात्र मला कधीच झालं नाही.

बाईंचा पत्ता लागला पिंपळनेरला. तिथल्या दवाखान्यात, कुडाच्या भिंतींच्या दोन खोल्यांत त्या एकट्या होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. मला पाहून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, चहा ठेवला आणि आधी मला मुलगा की मुलगी आणि वजन किती, ते विचारलं. मग खाटांच्या नंबरांवरून एकेका बाळाची चौकशी केली. मला माहीत होतं तेवढं सांगितलं.

मग मी म्हणालो, "शेठजींनी बोलावलंय. मी त्यांना सगळं सांगितलं."

"सगळं?"

"मोरचुदाचंही."

त्यांनी चहा गाळला, कप माझ्या हातात दिला. "तिथल्या फटी आता कोण बुजवतं?"

"मीच. यंदा केलं."

"मग तिथं माझं काय काम? इथं मैलोन्‌मैल दुसरं कोणी नाही."

शेवटी कपाकडे बघतच म्हणालो, "बाई, त्या दिवशी पेढीवर मी बोलायला हवं होतं."

त्यांनी घाईने 'असू द्या' म्हटलं नाही. चष्मा वर सरकवून थोडा विचार केला.

"तुम्ही बोलला असता तरी मला काढलंच असतं, भाऊ. बाळ गेलं होतं ना. कोणालातरी काढायलाच हवं होतं." मग म्हणाल्या, "पण तुम्ही बोलला असता तर मला बरं वाटलं असतं."

तेवढ्यात बाहेर बैलगाडी थांबली. एक तरुण भिल्ल माणूस दारात येऊन उभा राहिला. नुसतं "अक्का" म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून बाकीचं कळत होतं. बाई उठल्या. खुंटीवरची पिशवी घेतली, आत हात घालून कात्री आहे का ते पाहिलं. मला म्हणाल्या, "चहा संपवून जा. दार नुसतं लोटून घ्या."

मी कप घेऊन दारात आलो. गाडीत त्या मागच्या बाजूला बसल्या होत्या, पाय खाली सोडलेले, पिशवी मांडीवर. डोंगराकडच्या वाटेवर गाडी खडखडत होती आणि त्या पुढे वाकून त्या माणसाला काहीतरी विचारत होत्या, बहुधा कळा केव्हापासून आहेत ते. वळण येईपर्यंत त्यांचं विचारणं चालूच होतं.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.