सोबतीचे दोघे

आम्ही तिघे सकाळी फिरायला निघालो, की नाना एका रिकाम्या प्लॉटपाशी हमखास थांबायचे. पूर्वी तिथे त्यांची चाळ होती. "चला हो, काय उरलंय तिथे?" मी वैतागायचो. जोशी मात्र मुकाट उभे राहायचे.

जुन्या अरबी कवितेत एक रीत आहे. प्रियेच्या कबिल्याने सोडलेला तळ वाटेत दिसला, की कवी बरोबरच्या दोघा सोबत्यांना थांबायला सांगतो. त्या राखेत त्यांचं काहीच हरवलेलं नसतं, तरी ते उंट थांबवतात. वाचताना माझं लक्ष नेहमी कवीकडेच असायचं.

नानांना जाऊन आज महिना झाला. प्लॉटपाशी माझेच पाय अडले.

"जोशी, थांबा जरा," मी म्हणालो.

जोशी आधीच थांबले होते.