हाताशी काय येतं

विठोजीराव पहिल्यांदा आमच्या घरी चहाला आले, तेव्हा बसायच्या आधी त्यांनी टेबलावरची सुरी उचलली आणि फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवली. मी कलिंगड कापत होतो. अर्धं कापून झालं होतं, अर्धं राहिलं होतं. मी साताऱ्याकडचा, तोंडाचा फटकळ. म्हटलं, "अहो राव, घर माझं, सुरी माझी, कलिंगडही माझं. तुमचं काय चाललंय?" ते निवांत खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "झालं न्हवं सार कापून?" "अर्धं राहिलंय!" "अय्यो! मग काढा परत. पण झाल्यावर वर ठेवा, अष्टे." सार म्हणजे सर. अष्टे म्हणजे बास, एवढंच. त्यांचं निम्मं बोलणं या एका कन्नड शब्दावर संपायचं.

पुढे ही खोड सगळीकडे दिसली. लग्नाच्या पंगतीत ते आचाऱ्यांच्या बाजूला जाऊन भाजीच्या सुऱ्या टोपलीत भरून आत ठेवून यायचे. कुणाच्या फाटकाजवळ सुटी वीट पडलेली असली की पायाने भिंतीकडे सरकवायचे. आमच्या घरी आले की विळी गायब व्हायची. माझी बायको वैतागून म्हणायची, "तुमच्या त्या मित्राला सांगा, कोथिंबीर चिरायची म्हणजे मला स्टुलावर चढावं लागतं." ते ऐकून विठोजीरावांना एवढं हसू यायचं, की डोळे पुसावे लागायचे. मग एकदम गंभीर होऊन म्हणायचे, "राग येतोच सार. तुम्हाला येतो, मला येतो, देवाला पण येतो. राग आल्यावर हाताशी काय येतं, तेवढंच आपल्या हातात आहे."

आम्ही म्हैसूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात एकाच प्रकल्पावर होतो. रस्त्यावरची हिंसा कमी करण्यासाठी काही तंत्र शोधायचं, असं काम. मी संगणकवाला. चौकातल्या कॅमेऱ्यात मारामारी दिसली की यंत्राने ती आपोआप ओळखावी आणि पोलिसांना कळवावं, ही माझी बाजू. विठोजीराव मेकॅनिकलचे प्राध्यापक, निवृत्तीला आलेले. कपाळावर गोपीचंदनाची बारीक रेघ, खिशाला तेलाचा डाग. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरातलं. पूर्वज कापड रंगवायचे, छापायचे. घरात मराठी बोलत, पण ती अशी की अर्ध्यावर कन्नडात शिरायची आणि आपण दाराशी उभे राहायचो.

आमच्या यंत्राचं प्रात्यक्षिक होतं त्या दिवशी अधिकारी आले होते. पोरांनी मैदानात खोटीखोटी मारामारी केली, तीत एकाचा शर्ट मात्र खरोखर फाटला. यंत्राने बरोबर घंटा वाजवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर हवेतच होतो. तेवढ्यात मागून विठोजीरावांचा आवाज आला, "छान आहे सार. घंटा वाजल्यावर गाडी यायला किती वेळ?" कुणीतरी काही मिनिटं सांगितली. ते मान हलवत म्हणाले, "हात उठायला एवढा वेळ लागत नाही हो."

मला असा राग आला म्हणता! मी त्यांना व्हरांड्यात गाठलं आणि म्हणालो, "माझ्या चांगल्या दिवसात माती कालवायची काय गरज होती?" त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "चुकलं सार. तुमचा कॅमेरा पाहिजेच. कोणी मारलं ते तो सांगेल. पण मारलंच नाही पाहिजे, त्याला कोण? चला, तुम्हाला एळनीर पाजतो."

एळनीर म्हणजे शहाळं. कॉलेजसमोर चार गाड्या उभ्या असताना हा माणूस मला रिक्षात घालून अग्रहार नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका कोपऱ्यावर घेऊन गेला. तिथे महादेवम्मा नावाच्या, साठीच्या पुढच्या बाईची गाडी होती. तिने रुंद पात्याचा कोयता उचलला, ज्याला तिथे मच्चू म्हणतात, आणि दोन घावांत शहाळं उघडून माझ्या हातात दिलं. मग मच्चू शहाळ्यांच्या ढिगावर टाकला. तो तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताशी पडून राहिला. विठोजीरावांनी स्वतः काही घेतलं नाही. ते त्या मच्चूकडे बघत बोलू लागले.

"माझा धाकटा भाऊ आहे, किट्टू. तुरुंगात आहे. जन्मठेप. तुम्हाला कोणी सांगितलं असेल."

मला कोणी सांगितलं नव्हतं.

"खून करायला घरातून निघाला नव्हता सार तो. दही आणायला निघाला होता. इथं त्याच्या दोस्ताची स्कूटर याच्या पायाला घासली. दोघं एका बाकावर शिकलेले. शिवी झाली, थप्पड झाली. किट्टूच्या एका हातात दह्याची पिशवी होती. दुसरा हात रिकामा होता. गाडी हीच होती. तेव्हा महादेवम्माचा नवरा उभा राहायचा."

 माझ्या तोंडून निघालंच, "पण राव, हात त्याचाच ना?"

"त्याचाच! मी कुठं नाही म्हणतो? गेलेला पोरगा आमच्या घरात जेवलेला. त्याच्या आईसमोर मी अजून मान वर करत नाही. शिक्षा बरोबर आहे. पण मच्चू तिथं नसता तर काय झालं असतं? दोन थपडा अजून. चार दिवस अबोला. मग दोघांनी मिळून दोसा खाल्ला असता."

महादेवम्माला मराठी येत नव्हती, पण आम्ही कशाबद्दल बोलतोय ते तिला कळलं होतं. नवऱ्याने त्या दिवसानंतर गाडीला हात लावला नाही, असं विठोजीरावांनीच नंतर मला सांगितलं. पोटासाठी ही उभी राहिली. दुसरा मच्चू आणला. शहाळं उघडायला दुसरं आहे काय?

ते दुसरं काहीतरी बनवायचं, एवढाच विठोजीरावांचा ध्यास होता. शहाळं खाचेत ठेवायचं, दांडा ओढायचा, आतल्या आत पातं खाली येऊन तोंड उघडणार. पातं पेटीत बंद. काढता येणार नाही, उचलून मारता येणार नाही. सांगायला सोपं, पण करताना नाकी नऊ आले. बन्नूरहून पोती भरभरून शहाळी यायची, एकाचा आकार दुसऱ्यासारखा नाही. कधी पातं अडकायचं, कधी सगळं पाणी आमच्या तोंडावर. बेळगोळच्या वर्कशॉपमधला वेल्डर त्यांना बघितलं की "आले एळनीर सार" म्हणून कपाळावर हात मारायचा. कॉलेजातले हसायचे. कॅमेऱ्याला पैसा मिळत होता, नारळ फोडायच्या यंत्राला सार्वजनिक सुरक्षितता कोण म्हणणार? मीही चेष्टा केली. विचारलं, "राव, उद्या विटा, बाटल्या, हातोड्या, सगळ्याच पेटीत घालणार का?" ते म्हणाले, "सगळं नाही जमणार. जे जमतंय ते तरी करू की!"

यंत्र एकदाचं नीट चाललं. मग शहाळेवाले घेईनात. गिऱ्हाईकाला मच्चूचा सपासप घाव बघायला आवडतो म्हणाले. महादेवम्माने तर तोंडावर सांगितलं, "सार, तुमचं दुःख मला कळतं. पण तुमच्या दुःखानं माझं शहाळं फुटत नाही." विठोजीरावांनी तिला हात जोडले आणि पुन्हा पुढच्या आठवड्यात गेले. असे किती आठवडे गेले असतील, देव जाणे. शेवटी एक दिवस तिचं मनगट सुजलं. मच्चू उचलवेना. तिनेच निरोप पाठवला, तुमचं ते मिशीन आणा.

मी म्हटलं, "बघा, मनगटासाठी घेतलं तिनं. तुमच्या तत्त्वासाठी नव्हे." विठोजीरावांचा चेहरा लग्नघरातल्यासारखा फुलला होता. "कशासाठी का घेईना! मच्चू घरी राहिला सार, मच्चू घरी राहिला!"

त्याच आठवड्यात ते किट्टूला भेटायला तुरुंगात गेले. दर भेटीत ते त्याला यंत्राची हकिगत सांगायचे. तो फक्त ऐकायचा, कधी काही विचारायचा नाही. परत आले ते वर्कशॉपच्या पायरीवर बसून राहिले. मी विचारलं, "काय म्हणाला किट्टू? खूश झाला असेल!"  ते म्हणाले, "तो एवढंच म्हणाला सार. 'आधी का नाही केलंस, अण्णा?'"

 मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या म्हाताऱ्या माणसाची पाठ हुंदक्यांनी हलत होती. तेव्हापासून मी त्या यंत्राची चेष्टा केली नाही.

विठोजीराव गेले ते अचानक. दुसऱ्या एका शहाळेवाल्याला यंत्र दाखवायला निघाले होते. घराच्या जिन्यातच छातीत कळ आली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांच्या पत्नी सरस्वतीवहिनी माझ्याकडे बघून फक्त म्हणाल्या, "भाऊजींना आणा." मूलबाळ नव्हतं, अग्नी द्यायला किट्टूच हवा होता. अर्ज, विनंत्या झाल्या आणि काही तासांसाठी त्याला पोलीस पहाऱ्यात स्मशानात आणलं. मी त्याला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. केस पांढरे, तेच रुंद कपाळ. कोणी त्याच्याजवळ जाईना. तो अण्णाच्या पायांशी उकिडवा बसला आणि पाय चेपत राहिला.

खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन तो चितेभोवती फिरायला उठला. आमच्याकडे त्या मडक्याला दगडाने भोक पाडतात. पण ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तिथली, तिथल्या रीतीत मिसळलेली. त्यांच्या भावकीतले वयस्कर तात्या नेहमीप्रमाणे मच्चू घेऊन किट्टूच्या मागे येऊन उभे राहिले. त्याच्या टोकाने मडकं फोडायचं असतं. तात्यांच्या मनात काही नव्हतं. किट्टूने मान वळवली, पातं बघितलं आणि त्याच्या खांद्यावरचं मडकं हिंदकळायला लागलं. पाणी त्याच्या पाठीवरून वाहू लागलं. पोलीस पुढे सरकले.

"तात्या," तो म्हणाला, "अण्णाला नाही चालायचं ते."

कोणी हलेना. माझी नजर आपोआप जमिनीवर गेली. हाताशी काय आहे ते बघायची सवय मला कधी लागली, कोण जाणे. एक टोकदार दगड दिसला. तो उचलून मी तात्यांना दिला आणि म्हणालो, "दगडानं करा. आमच्याकडे दगडानंच करतात." तात्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा चितेवरच्या विठोजीरावांकडे बघितलं. मग दगड घेतला आणि मच्चू माझ्या हातात दिला.

एवढी वर्षं त्याच्याबद्दल ऐकलं, तो हातात धरला त्या दिवशी पहिल्यांदाच. चांगला वजनदार होता. तो घेऊन मी लाकडाच्या वखारीत गेलो. भिंतीवर उंच एक फळी होती. ओंडक्यावर चढून मी तो त्या फळीवर ठेवला आणि तिथेच, वखारीच्या अंधारात, पोटभर रडलो.

बाहेर आलो तेव्हा चिता पेटली होती. वेळ संपली म्हणून पोलीस किट्टूला गाडीकडे नेत होते. माझ्यासमोर येताच तो थांबला. दोन्ही तळवे ओले होते, मडक्याच्या मातीने लाल झालेले.

"वर ठेवलात न्हवं?" त्याने विचारलं.

"ठेवला," मी म्हणालो.