धवलारणीचा आवाज

ती चौकशी मला आजही आठवते.

कल्याणच्या एका पोलीस ठाण्यात मी तेव्हा वरिष्ठ निरीक्षक होतो. गाण्यांची छोटी कंपनी चालवणाऱ्या एका गृहस्थाने तक्रार अर्ज दिला. त्याच्या वडिलांनी फार वर्षांपूर्वी ठाणे शहराजवळच्या बाळकुमच्या एका धवलारणीची, म्हणजे लग्नात धवले गाणाऱ्या कोळी बाईची, गाणी रेकॉर्ड केली होती. वडील वारले होते. मुलगा ती गाणी आता बाजारात आणणार, तोच कुणीतरी ती मोबाइलवर फुकट वाटायला लागलं.

"हक्क आमचा आहे, साहेब. चोरी ती चोरीच." चुकीचं काही बोलत नव्हता.

आमचा हवालदार मात्र वैतागला. "साहेब, पिक्चर, गेम, लोक सगळंच फुकट उतरवून घेतात. कुणाकुणाला बोलवायचं?"

फुकट फिरणारी गाणी खरखर काढून साफ केलेली होती, म्हणून आम्ही संगणकाच्या दुकानांत विचारलं. खबर दिली ती सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानदाराने. "एवढं तगडं ग्राफिक्स कार्ड पोरं गेमसाठी नेतात. डोंबिवलीचा एकजण मात्र म्हणाला, जुन्या कॅसेटची खरखर काढायचीय. म्हणून लक्षात राहिला."

त्याला बोलावलं. विमा कचेरीतला नोकरदार, चाळिशीचा. घाबरलेला होता, पण संगणक स्वतःच उचलून घेऊन आला. काचेच्या पेटीतले रंगीत दिवे बघायला अर्धं ठाणं जमलं.

"गेम खेळता?"

"खेळतो, साहेब. विकत घेऊनच खेळतो."

"मग गाणी फुकट का वाटता?"

"ती विकत मिळतच नाहीत ना! आईच्या लग्नात रेकॉर्ड करणाऱ्यानेच दिलेली कॅसेट घरात होती. साफ केली. वाटलं, लोकांनीही ऐकावी."

"परवानगी घेतली?"

त्याने मान खाली घातली. "नाही."

कबुलीच होती ती. तरीही गाणारीच्या घरच्यांचा जबाब हवा म्हणून मी बाळकुमला माणूस पाठवला. बाई हयात नव्हती. साठीची मुलगी आली. अर्जदारालाही त्याच वेळी बोलावलं.

आधी डोंबिवलीकराच्या घरची मूळ कॅसेट लावली. बँड, भांडी, खरखर. मग साफ केलेली. बाई समोरच्या बाकावर बसून गातेय असं वाटलं. मुलगी उभीच राहिली. "माजी आय... ही माजी आय हाय," एवढंच म्हणाली. तिच्याकडे आईचा आवाज कुठेच नव्हता.

मी अगदी सुरुवातीपासून लावायला सांगितलं. मूळ कॅसेटमध्ये गाण्याआधी नुसती घरघर होती. साफ केलेल्या प्रतीत त्या जागी दोन माणसं बोलत होती.

"ही गानी इकू नको रं दादा. जेच्या घरा लगीन, तेला दे."

"नाही विकणार, आक्का. शब्द देतो."

अर्जदाराचा चेहरा पांढरा पडला. "हे बाबा आहेत," तो म्हणाला. "परत लावा."

परत लावलं. परत परत लावलं. तक्रार करणारा, तक्रार झालेला आणि ती बाई एका टेबलाभोवती बसून ऐकत होते. वायरलेसचा आवाजही कुणीतरी कमी केला.

"बाबांनी ही टेप कधी विकली का नाही, ते आत्ता कळलं," अर्जदार म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "साहेब, अर्ज मागे घेतो."

ते बोलणं कोर्टात किती टिकलं असतं, सांगता येत नाही. कायदा बहुधा त्याच्याच बाजूने होता, आणि तरी त्याने हक्क सोडला. माझी सगळी नोकरी माणसांना बोलतं करण्यात गेली. पण गेलेल्या माणसांचं बोलणं ऐकून कुणी असा मागे फिरलेला मी पुन्हा पाहिला नाही. त्यानंतर कॉपीराइटचा अर्ज आला की कागद बघण्याआधी मी एकच विचारायचो: ज्यांनी हे गायलं-लिहिलं, त्यांच्या घरी कुणी आहे का?