वाकड्या चोचीचा सुतार

वॉशरकाकांना हे नाव त्यांच्या बायकोने ठेवलं. अडतीस वर्षं प्लंबिंग केलेला हा माणूस कुठलाही बिघाड ऐकला की म्हणायचा, "काही नाही, वॉशर गेलाय." मग बंद पडलेलं घड्याळ असो, नाहीतर शेजाऱ्यांचा संसार.

बायकोच्या गुडघ्यांनी तिसऱ्या मजल्याविरुद्ध संप पुकारला, म्हणून म्हातारपणी दोघं गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका कॉलनीत तळमजल्यावर राहायला आली. जुन्या गल्लीत काका बाहेर पडले की चार हाका यायच्या. इथे त्यांच्यावर कुत्रंसुद्धा भुंकेना. आठवडाभर ते खिडकीत बसून राहिले.

शेवटी बायको वैतागली. "अहो, मी सामान लावतेय आणि तुम्ही त्यातच जमा झालाय. जा, कॉलनी तरी बघून या."

काका निघाले. तिसऱ्या वळणावर बाग होती आणि हिरवळीवर एक पक्षी ऐटीत चालत होता. अंग विटकरी, पंखांवर काळेपांढरे पट्टे, चोच लांब नि वाकडी. काका जवळ जाताच त्याने डोक्यावरचा तुरा पंख्यासारखा उघडला, यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पुन्हा माती उकरायला लागला. काकांना पक्ष्यांपैकी कावळा, चिमणी आणि कबुतर एवढेच ठाऊक होते. तेही पाण्याच्या टाक्यांत मरून पडायचे म्हणून.

"हा कोण हो?" त्यांनी बाकावरच्या गृहस्थांना विचारलं.

ते होते निवृत्त विज्ञान शिक्षक. सगळी कॉलनी त्यांना मास्तर म्हणायची आणि वळसा घालून जायची.

"सुतारपक्षी," मास्तर वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले.

काका दहा मिनिटं बघत राहिले. मग म्हणाले, "नसावा."

पेपर खाली आला. "मी तीस वर्षं विज्ञान शिकवलंय."

"शिकवलं असेल. पण वाकड्या पटाशीने लाकूड कोरणारा सुतार मी जन्मात पाहिला नाही. आणि हा तर झाडाकडे बघतसुद्धा नाही."

मास्तरांनी हा अपमान गिळला, कारण बोलता बोलता काका प्लंबर असल्याचं कळलं आणि त्यांना प्लंबरच हवा होता. त्यांच्या घरामागच्या दगडी भिंतीपाशी चार दिवस असह्य घाण येत होती. गटार फुटलंय, अशी त्यांची खात्री होती आणि सोमवारी भिंत फोडायला माणसं यायची होती. काकांनी जाऊन तिथे नाक लावलं.

"हे गटार नाही."

"मग काय अत्तर आहे?"

"गटाराचा वास मी झोपेतही ओळखीन. हा त्याच्याहून वाईट आहे."

मास्तरांनी त्यांना फाटक दाखवलं.

सुतारपक्षी काही काकांच्या डोक्यातून जाईना. शनिवारी ते वाचनालयात गेले, पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक मागितलं आणि बोटाला थुंकी लावून एकेक पान उलटत बसले. सुतारपक्ष्याचं चित्र आलं. चोच सरळ, छिन्नीसारखी. काकांनी समाधानाने मान हलवली. पुढे कितीतरी पानांनंतर तुरेवाले महाराज सापडले: हुदहुद. भिंतीच्या किंवा झाडाच्या भोकात घरटं करतो, घरट्याला भयंकर दुर्गंधी असते आणि धोका दिसला की पिल्लं शत्रूवर विष्ठेची पिचकारी मारतात. काका इतक्या मोठ्याने हसले की ग्रंथपालबाईंनी त्यांना बाहेर काढलं.

ते थेट मास्तरांच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. थोड्याच वेळात हुदहुद चोचीत अळी घेऊन आला आणि दोन दगडांमधल्या फटीत शिरला.

"मास्तर, तुमचं गटार सापडलं! आत पिल्लं आहेत. भिंत फोडू नका."

"घरटं इतकं घाण मारत नाही. अशक्य!" मास्तर तरातरा आले आणि त्यांनी फटीला डोळा लावला.

"तेवढं करू नका," काका म्हणाले. पण मास्तरांनी आयुष्यात कोणाचं ऐकलं असेल तर ना!

पिचकारी अचूक बसली. चष्मा, मिशी, इस्त्रीचा सदरा, काहीच सुटलं नाही. मास्तरीणबाई धावत बाहेर आल्या, नवऱ्याकडे बघून पदर तोंडाला लावला आणि पायरीवरच बसल्या. त्यांना रडू आलंय असं काकांना क्षणभर वाटलं.

सोमवारी आलेल्या माणसांना मास्तरांनी चहा पाजून परत पाठवलं. पुढचे काही आठवडे त्या घराच्या मागच्या खिडक्या बंद राहिल्या. पण पाच पिल्लं एकामागून एक फटीबाहेर पडली तेव्हा बघायला अर्धी कॉलनी जमली होती, आणि "काका, जरा इकडे या, इथून नीट दिसतं," म्हणून त्यांना चार बाजूंनी बोलावणं होतं.

मास्तरांनी चूक कबूल केली नाही. "हल्ली नावं बदलली असतील," एवढंच म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी बागेत काका दिसताच ते बाकावर थोडे सरकून बसले.

काका टेकले. समोरच्या तळ्याकाठी, वठलेल्या झाडावर एक काळा पक्षी पंख पसरून बसला होता.

"बदक," मास्तर म्हणाले.

"मास्तर, बदक फांदीवर बसून पंख वाळत घालतं?"

मास्तर बराच वेळ बघत राहिले. मग पेपरची घडी घालून उठले. "वाचनालय किती वाजता उघडतं हो?"