वसाहतीतल्या पाट्यांची चोरी

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. इंग्लंडमध्ये थेम्स व्हॅलीतल्या एका गावात मी पोलिस सार्जंट होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे लंडनच्या लोकांसाठी मोठी वसाहत उभी राहिली. घाई इतकी, की जे घर आधी तयार झालं त्याला आधीचा नंबर मिळाला. त्यामुळे चाळीसच्या शेजारी एकशे बारा! रस्त्यांना नावं नाहीत आणि दारं आतल्या पायवाटांकडे. गाडीतला सॅटनॅव्ह तुम्हाला कुणाच्या तरी कुंपणाशी सोडून मोकळा.

अखेर कौन्सिलने कुठल्या वाटेवर कोणते नंबर हे दाखवणाऱ्या पाट्या खांबांवर लावल्या. आठवड्यात चार गायब. पुन्हा लावल्या, पुन्हा गायब. टवाळ पोरांचा उद्योग असेल, असं मी जागेवर न जाताच फाइलवर लिहून टाकलं. चूक माझीच.

मग एका दुपारी, नागपूरहून नोकरीसाठी आलेल्या एका मुलीच्या वडिलांच्या छातीत दुखू लागलं. ॲम्ब्युलन्स पंचवीस मिनिटं वसाहतीत फिरत राहिली. वडील थोडक्यात वाचले. पोलिसात मराठी माणूस आहे हे कळल्यावर ती तडक स्टेशनवर आली.

"काका, ॲम्ब्युलन्स आमच्या मागच्या कार पार्कमध्ये होती! बाबांना सोडून मी बाहेर कशी जाणार? तुम्ही त्या पाट्यांचं काही करणार आहात की नाही?"

मी निमूटपणे उठलो आणि खांब बघायला गेलो. पाट्या उपटलेल्या नव्हत्या. स्क्रू नीट काढून भोकं पुट्टीने बुजवलेली, वर रंगाचा हात. भोकं बुजवणारा चोर मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. दुसऱ्याच दिवशी निनावी फोन आला, "टाउन सुपरवायझरची शेड बघा."

वसाहतीचं बांधकाम आणि देखभाल पाहणारे हे गृहस्थ पहिल्या विटेपासून तिथे. चाळीस वर्षं तीच नोकरी, आता निवृत्त, वय ऐंशीच्या पुढे, घरात एकटे. शेडमध्ये सगळ्या पाट्या वर्तमानपत्रात गुंडाळून नंबरवार रचलेल्या होत्या.

वकील नको म्हणाले. जबाब सुरू झाला आणि तासभर त्यांनी मला गटारांच्या उतारावर व्याख्यान दिलं. पाट्यांचा विषय काढला की म्हणायचे, "चुकीच्या उंचीवर लावल्या होत्या." शेवटी वैतागून मी विचारलं, "पाट्या नव्हत्या तेव्हा लोक घर कसं शोधायचे?"

त्यांचा चेहरा उजळला. "मला फोन करायचे. डॉक्टर, पोस्टमन, तुमचे कॉन्स्टेबलसुद्धा. निवृत्तीनंतरही रोज दोन-चार फोन असायचे."

"आणि पाट्या लागल्यावर?"

"एकही नाही."

"त्या दुपारी सायरन ऐकलात?"

"ऐकला ना. गोल गोल फिरत होता. कुणाला तरी घर सापडत नाहीये, हे मला लगेच कळलं. मी फोनपाशी जाऊन बसलो."

"मग?"

"कुणी केलाच नाही."

रेकॉर्डर चालू असताना मी ओरडलो, "अहो, दार उघडून बाहेर यायला काय झालं होतं?" बाहेर जाऊन सांगावं, हे त्यांना सुचलंच नव्हतं.

वय पाहून ताकीद देऊन सोडलं. पाट्या त्यांनी स्वतः परत लावल्या, योग्य उंचीवर. तोवर मी गुन्ह्यात फायदा कुणाचा, एवढंच विचारत असे. गरज कुणाची संपली, हेही विचारावं लागतं, ते या प्रकरणाने शिकवलं. त्यांची कीव येते, पण राग अजून गेलेला नाही.

कारण त्या मुलीला सगळं सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "काका, त्यांच्या घरापासून आमचं दार किती लांब आहे?"

मी मोजून आलो होतो. साठ पावलं.