निळ्या मुखवट्याचा फायटर

आमच्या घरात एक नियम होता. तोंड असलेली वस्तू मोडली की ती घरात ठेवायची नाही. देवाची मूर्ती असो, पोळ्याचा मातीचा बैल असो. आई ती निर्माल्याबरोबर कापडात बांधायची आणि झेंडूची फुलं घेऊन बाजाराला जाताना गंगेत सोडायची. नाशकात आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.

मी सातवीत आणि धाकटा भाऊ तिसरीत असताना या नियमात फायटर सापडले. वीतभर उंचीचे, हातपाय फिरणारे प्लास्टिकचे वीर. आधी शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात एकच टांगलेला होता आणि मधल्या सुटीत मुलं त्याला नुसती बघायला जायची. वर्षभरात बुधवारच्या बाजारात ताडपत्रीवर त्यांचे ढीग लागले. भावाच्या वर्गात, ज्याच्याकडे फायटर नाही त्याला डबा खाताना कुणी जवळ बसू देत नसे. भाऊ आपले फायटर झेंडूच्या वाफ्यांवर राखणीला उभे करायचा.

त्यांच्या कमरेत एक रबर असे. उन्हाने ते तुटायचं आणि फायटरचे दोन तुकडे व्हायचे. आई दोन्ही उचलायची. वडील हसायचे, देव नाही तो, फायटर आहे म्हणायचे.

"तोंड आहे ना त्याला?" आई म्हणायची.

निळ्या मुखवट्याचा फायटर भावाचा सगळ्यांत लाडका. तो तुटला तेव्हा भाऊ तुकडे शर्टात लपवून माझ्याकडे आला.

"ताई, तुझ्या पुस्तकांना आई हात लावत नाही."

खरं होतं. आईला वाचता येत नाही. पुस्तकांना ती लांबूनच नमस्कार करते. मी तुकडे तिसऱ्या फळीवर, पुस्तकांमागे ठेवले.

पुढच्या वर्षी फायटर गेले. बाजारात त्याच ताडपत्रीवर मोबाइलची कव्हरं आली. भावाने उरलेले धड फायटर मामाच्या मुलाला देऊन टाकले. निळ्याला तो विसरला. मी विसरले नाही.

गारपिटीने फुलं झोडपून काढली तेव्हा मी कपाटाकडे पाहिलं. वडील मोटरसायकलवरून पडले, तेव्हाही. मी शिकलेली आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. म्हणूनच तुकडे काढून टाकले नाहीत. टाकले असते तर विश्वास आहे असंच ठरलं असतं.

गेल्या वर्षी भाऊ आजारी पडला. डॉक्टरांचं बोलणं तुटक होत गेलं तसं आईने घर उपसायला घेतलं. तडकलेला आरसा गेला, नाक उडालेली बाहुली गेली. मग माझ्या दारात उभं राहून तिने विचारलं, तुझ्या कपाटात काही नाही ना. पुस्तकं आहेत, मी म्हणाले. ती वळली. खाटेवरून भाऊ माझ्याकडे बघत होता.

"निळा आहे का गं अजून?"

"आहे. काढू?"

"नको. आता काढलास तर आईला वाटेल, आपल्यामुळेच झालं."

दिवाळीनंतर तो गेला.

त्याच्या सहामासी श्राद्धाला आम्ही गंगेवर गेलो. पात्रातला गाळ काढायचं काम चालू होतं, काठावर काळे ढीग होते. एका ढिगात मला हात दिसले, मग डोकी, मग अर्धी धडं. रंग उडालेले, तरी ओळखू येणारे. ते कुणाचेही असतील. पण आई खाली बसली आणि एकेकाचं तोंड पदराने पुसून ओळीने मांडू लागली. तिची नजर त्या ओळीवरून दोनदा फिरली.

"निळा नाही यात," ती म्हणाली. "निळा मी सोडलाच नव्हता."

आज दुपारी ती हातपाय धुऊन माझ्या खोलीत आली आणि पहिल्यांदाच तिने कपाट उघडलं. एकेक पुस्तक काढते, कपाळाला लावते, खाली रचते. मी टेबलाशी बसून हे लिहिते आहे. तिला थांबवायला हवं, किंवा सांगायला हवं. दोन्ही जमत नाही. दुसरी फळी रिकामी होत आली आहे.