अनसूयाबाईंचं बंद घड्याळ

अनसूयाबाई भोयर ऑफिसात आल्या की बोलायच्या आधी डावं मनगट माझ्या टेबलावर ठेवायच्या. मनगटावर काळ्या रबरी पट्ट्याचं चौकोनी घड्याळ आणि त्याची काचही काळी. मी फायलीतून वर पाहिलं की म्हणायच्या, "आजही नाई लागली, बाबू." घड्याळाला त्या घडी म्हणत. आवाजात तक्रार नसे. सकाळी सहापासून झाडू मारून आलेल्या बाईचा जो आवाज असतो, तोच.

मी आमच्या तालुक्याच्या गावात स्वच्छता विभागाचा कारकून. आमच्या वर्धेकडे बाबू म्हणजे कारकूनही आणि घरातलं लाडकं लेकरूही. अनसूयाबाई मला कोणत्या अर्थानं बाबू म्हणायच्या हे मी कधी विचारलं नाही. माझी पन्नाशी झालेली आणि त्या माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या. मी त्यांना मावशी म्हणायचो.

त्यांचं माहेर केळझरजवळचं. भाऊ वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचा आणि सेलूच्या बाजारात विकायचा. नवरा लवकर गेला, एकुलती मुलगी लग्न होऊन पुलगावला गेली आणि अनसूयाबाई ठेकेदाराकडे सफाईच्या कामाला लागल्या. बाजार चौक ते बसस्टँड हा रस्ता त्यांच्याकडे एकोणीस वर्षं होता. "कसं काय मावशी?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, "चालून राह्यलं, बाबू." याहून जास्त किंवा कमी त्यांनी स्वतःबद्दल क्वचितच सांगितलं.

रस्त्याबद्दल मात्र त्या भरपूर सांगायच्या. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाच्या घरात आजारपण चालू आहे, कोणाच्या पोराची परीक्षा संपली, हे त्यांना कचऱ्यावरून कळायचं. एकदा सकाळी त्या एका रिटायर मास्तरांच्या दारावर थापा मारत उभ्या राहिल्या. मास्तर एकटेच राहत. शेजारी ओरडले, बाई, एवढ्या सकाळी काय लावलंय? अनसूयाबाई म्हणाल्या, "मास्तरची पिशवी दोन दिवस झाले बाहीर नाई आली. गावाले गेलते म्हनता? मंग कालचं वर्तमानपत्र आत कोन घेतलं?" दार तोडलं तेव्हा मास्तर मोरीजवळ पडलेले होते. कमरेचं हाड मोडलं होतं, पण जीव होता. पुढे त्यांचा मुलगा पेढे घेऊन ऑफिसात आला. अनसूयाबाईंनी एक पेढा घेतला आणि त्याचा कागद आपल्याच रस्त्यावर कचरा होऊ नये म्हणून पदराला बांधून नेला.

अशा बाईच्या हातावर ते घड्याळ आलं. ठेकेदारानं सगळ्या सफाई कामगारांना एकेक वाटलं. आत सिम होतं. कोण कुठं आहे ते माझ्या कॉम्प्युटरवर नकाशात दिसायचं. घड्याळ चालू असेल तर नावापुढे हिरवी खूण, बंद असेल तर लाल. सलग चार तास लाल राहिलं की यंत्र आपणच गैरहजेरी लावायचं. गैरहजेरी ठरावीक दिवसांच्या वर गेली की नाव कमी. लाल नावांची यादी रोज साहेबांकडे पाठवणं हे माझं काम.

दुसऱ्याच महिन्यात अनसूयाबाईंचं नाव लाल झालं. यादी छापत होतो आणि त्या समोर उभ्या. साडीच्या काठाला धूळ, हातात खराटा.

"मावशी, आज तुम्ही गैरहजर आहात," मी म्हणालो.

त्यांना ती थट्टा वाटली असावी. मग माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "मी तं तुमच्यापुढं उभी आहो, बाबू. मले पाहा ना."

मी पाहिलं नाही. खरं सांगायचं तर त्या काळात मी कोणाकडेच पाहत नव्हतो. दोन माणसांचं काम एकट्याकडे आलेलं, दिवसभर पडद्याकडे डोळे लावून संध्याकाळी डोकं जड व्हायचं. मी म्हणालो, "चार्जिंगला लावायला विसरला असाल."

"विसरली नाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "लावून ठेवली होती. सकाळी पाह्यली तं काळीच."

दुसऱ्या दिवशी त्या चार्जर घेऊन आल्या. हा चार्जर म्हणजे एक छोटी चकती, ती घड्याळाच्या पाठीला चुंबकानं चिकटते. मी आधी ऑफिसातल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहिलं. मग माझ्या मोबाइलचा ॲडॅप्टर लावून पाहिला. मग दुसऱ्या कामगाराची चकती मागवून लावली. काच काळीच. बाजूचं बटण एक मिनिट दाबून धरलं, कारण मोबाइलवर कुठंतरी तसं सांगितलं होतं. काही नाही. अनसूयाबाई खुर्ची असूनही उभ्याच होत्या. म्हणाल्या, "त्याच्या पाठीवर मळ साचला काय, पाहा बरं. आमच्या हंड्याले साचते तसा."

चष्मा कपाळावर ढकलून पाहिलं. घड्याळाच्या पाठीला दोन बारीक पितळी टिकल्या होत्या, चार्जरच्या पिना टेकतात त्या. त्यांच्यावर घाम आणि धुळीचा काळा थर बसला होता. जुना टूथब्रश आणि थोडं स्पिरिट घेऊन मी तो घासला, फडक्यानं पुसला, चकती लावली. काचेवर बॅटरीचं हिरवं चित्र आलं.

"लागली," अनसूयाबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चाहा घ्या बाबू, मी सांगतो." चहा आला. एकाच घड्याळापायी आम्ही दोघंही दमलो होतो.

तीन दिवस नाव हिरवं राहिलं. चौथ्या दिवशी पुन्हा लाल. मी पुन्हा घासलं. या वेळी चित्र आलं आणि गेलं. पट्टीनं दाबून धरलं की चार्जिंग होई, सोडलं की बंद. अनसूयाबाईंनी घरी घड्याळावर पाटा ठेवून पाहिला, दोरीनं बांधून पाहिलं. ठेकेदाराचा माणूस आला तेव्हा मी त्याला दाखवलं. त्यानं घड्याळ हातातही घेतलं नाही. "पाण्यात घालता का?" त्यानं विचारलं.

"नालीत हात घालाच लागते," अनसूयाबाई म्हणाल्या. "मंग घडी काहाले काढून ठेवू? काढली तं तुमीच म्हनता, बाई जागेवर नाई."

तो म्हणाला, दुरुस्तीवाल्याचं लेखी आणा, मग बघू.

सुट्टीच्या दिवशी त्या बसनं पुलगावला गेल्या. मुलीच्या घराजवळ एक मोबाइल दुरुस्तीवाला होता. त्यानं घड्याळ उघडलं. आत घाम गेला होता, तारेच्या टोकाला हिरवट गंज चढला होता आणि बॅटरी फुगली होती. त्यानं वहीचं पान फाडून लिहून दिलं की बॅटरी फुगलेली आहे, चार्ज करू नये, पेट घेईल. अनसूयाबाईंनी तो कागद मला दिला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं समाधान होतं. दोष आपला नाही हे कोणीतरी लिहून दिलं होतं. मी कागद पुढे पाठवला. उत्तर आलं: घड्याळ बाहेर उघडलं असल्यामुळे बदलून मिळणार नाही.

हे त्यांना सांगताना मला लाज वाटली. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून उलटंसुलटं पाहिलं. मग म्हणाल्या, "उघडाले त्यायनंच सांगितलं ना?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या आणि खराटा उचलला. दारापर्यंत जाऊन परत आल्या. "बाबू, आधी थे हजेरीचं बुक होतं ना? थे फेकलं काय?"

फेकलं नव्हतं. कपाटाच्या खालच्या कप्प्यात होतं. त्या दिवसापासून मी त्यांची सही घ्यायला लागलो. सहाला माझ्या घराजवळच्या बाजार चौकात स्कूटर उभी करून, दहाला ऑफिसात आणि दोनला काम सुटल्यावर. कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. अनसूयाबाई आपलं पूर्ण नाव लिहायच्या, भोयरमधला 'य' जरा मोठा काढून. त्यांच्या निमित्तानं कित्येक वर्षांनी मी आमचा बाजार चौक सकाळी सहाला पाहिला. त्या यायच्या आधीचा आणि झाडून झाल्यावरचा. तोवर माझ्यासाठी तो रस्ता नकाशावरची एक रेघ होता.

गैरहजेरी मर्यादेच्या वर गेली तेव्हा साहेबांनी नाव कमी करण्याचा कागद तयार करायला सांगितलं. मी रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी पानं उलटली.

"हे कोणी ठेवायला सांगितलं?"

"कोणी नाही."

"सिस्टिमला हे चालत नाही."

"माहीत आहे, साहेब. पण बाई रोज होती. मी पाहिली आहे."

साहेबही थकलेलेच होते. टेबलावर तीन विभागांच्या फायली. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले, आणि कागद न मागता म्हणाले, "नवीन घड्याळासाठी माझ्या सहीनं पत्र टाका. तोवर चालू द्या." एवढंच झालं, पण अनसूयाबाईंचं नाव राहिलं. सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चालून राह्यलं म्हना."

नवीन घड्याळ काही येईना आणि मे महिना लागला. आमच्याकडचा मे म्हणजे दुपारी बारानंतर कुत्रंही रस्ता ओलांडत नाही. एका दुपारी दोनची सही झाली नाही. सव्वादोन झाले. अडीच झाले. पडद्यावर त्यांचं नाव लाल होतं, पण ते तर कित्येक दिवस लालच होतं. मी डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि स्कूटर काढली.

बसस्टँडच्या मागे कडुनिंबाच्या पारावर त्या बसलेल्या दिसल्या. खराटा शेजारी नीट ठेवलेला. डोळे उघडे, पण मी समोर उभा राहिलो तरी नजर माझ्यावर येईना. अंग तापलेलं आणि कोरडं. पानटपरीवाल्याच्या मदतीनं ऑटोत घातलं, ओला दुपट्टा डोक्यावर ठेवला आणि दवाखान्यात नेलं. दोन सलाइन चढल्यावर त्यांनी मला ओळखलं.

"सही राह्यली ना," त्या म्हणाल्या.

"राहू द्या. घड्याळ चालू असतं मावशी, तर लवकर कळलं असतं."

त्यांनी मान हलवली. बोलायला वेळ लागत होता. "घडी चालू असती तं तिनं काय सांगितलं असतं, बाबू? बाई कामाच्या टायमाले एका जागी बसून आहे. तुमी तशी यादी पाठवली असती."

ते खरं होतं. एका जागी वीस मिनिटांहून जास्त थांबलेल्यांची यादी वेगळी निघायची आणि तीही मीच पाठवायचो.

मुलगी पुलगावहून आली. भाऊ केळझरहून आला आणि म्हणाला, आता बस झालं, अनसूया. त्यांनी वाद घातला नाही. दवाखान्यातून त्या थेट माहेरी गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "त्या मास्तरकडं ध्यान ठेवजो. त्याची पिशवी रोज बाहीर येते." दोन आठवड्यांनी नवीन घड्याळाचं खोकं आलं, त्यांच्या नावाची चिठ्ठी लावलेलं. ते बसस्टँडच्या रस्त्यावर आलेल्या नव्या बाईला दिलं.

पण जुनं घड्याळ परत केल्याशिवाय ठेकेदार त्यांचं प्रकरण बंद करीना. पोचपावतीवर त्यांची सहीही हवी होती. पोस्टानं मागवता आलं असतं. मी म्हणालो, मी जाऊन आणतो.

केळझरला पोचलो तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. भावाचं घर वाडीतच, पुढे वांग्यांचे वाफे आणि दाराशी दुधीच्या वेलाचा मांडव. मांडवाखाली बाजेवर अनसूयाबाई झोपल्या होत्या. एका कुशीवर, एक हात गालाखाली, तोंड किंचित उघडं. त्यांची भावजय मेथीच्या जुड्या बांधत होती. हलक्या आवाजात म्हणाली, "आल्यापासून अशीच झोपते. सकाळी उठून चाहा घेते अन् पुन्हा पडते. उठवू काय?"

"नको," मी म्हणालो.

तिनं मला पाणी दिलं आणि आतून घड्याळ आणून दिलं. मी बराच वेळ बसलो. शेतातून कोणीतरी हाक मारली, कुत्रं भुंकलं, पाण्याची मोटार सुरू झाली, पण त्या हलल्या नाहीत. इतकी वर्षं ओळख, पण त्यांना निजलेलं सोडा, टेकलेलंही मी त्या पाराशिवाय कुठं पाहिलं नव्हतं. बारा वाजता मी उठलो आणि चपला हातात घेऊन वाफ्यांपर्यंत गेलो.

ऑफिसात ठेकेदाराच्या माणसानं पोचपावती पाहिली. "सही नाही यावर."

"झोपल्या होत्या."

"मग उठवायचं ना. त्यासाठीच तर गेला होता."

"नाही उठवलं," मी म्हणालो आणि सहीच्या जागी माझं नाव लिहून दिलं.

थंडी पडायला लागली तेव्हा अनसूयाबाई गेल्या. भावाचा फोन आला. अंगात ताप होता, दोन दिवसांत आटोपलं. उठवलं असतं तर दोन शब्द बोलणं झालं असतं, असं कधीकधी मनात येतं. पण त्यांचा तो गालाखालचा हात आठवतो, आणि वाटतं, बरं केलं.